शंका बाळगणारीं यंत्रें

नित्य परिचयाच्या गोष्टींचें मनुष्यास नवल वाटत नाहीं. शाळा सुटल्यावर सहा वर्षांचें मूल गल्लीबोळांतून नीट घरीं येतें. वाटेंत हातगाडी आडवी उभी असली तर वळसा घालतें. नेहमींचा रस्ता खणलेला दिसला तर दुसऱ्या बोळानें येतें. दारांत उभ्या असलेल्या आईस आपल्या मुलानें आज कांहीं पराक्रम केला असें वाटत नाहीं. परंतु हेंच काम यंत्राकडून करवून घ्यावयाचें ठरलें, तेव्हां जगांतील नामांकित गणितज्ञांचीं व एंजिनिअरांचीं पन्नासांहून अधिक वर्षें त्यांत खर्चीं पडलीं. आणि अजूनहि तें काम पुरें झालें असें म्हणवत नाहीं.

आपली वाट आपण शोधणाऱ्या या यंत्रांविषयीं अलीकडे वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येतें. कोणी त्यांची अतोनात स्तुति करितात, कोणी त्यांच्या नांवानें भय घालतात. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांचे लोक गृहीत धरून चालतात. ती ही कीं, यंत्र म्हटलें म्हणजे तें अचूक असावयाचेंच. आमचें मत याहून निराळें आहे. या यंत्रांचा खरा गुण अचूकपणा हा नसून, आपण कोठें व किती चुकत असूं याचा प्रामाणिक हिशेब ठेवणें हा आहे. ज्या यंत्राला असा हिशेब ठेवतां येत नाहीं, तें माणसांच्या रस्त्यावर सोडूं नये. आणि जी संवय आज यंत्रांना एवढ्या कष्टानें लावण्यांत येत आहे, ती आपल्या मुलांच्या अंगीं शाळेंतच बाणली पाहिजे. हें मत योग्य आहे कीं नाहीं, हें वाचकांनीं पुढील माहितीवरून स्वतःच ठरवावें.

‘रोबॉट’ हा शब्द मूळ चेक भाषेंतला. कारेल चापेक या नाटककारानें १९२० सालीं लिहिलेल्या एका नाटकांत तो प्रथम आला. त्याचा बंधु योसेफ यानें तो सुचविला होता. ज्या शब्दावरून तो निघाला त्याचा अर्थ वेठबिगार असा आहे. मराठींत आपण त्यास यंत्रमानव म्हणतों. पण हें नांव थोडें फसवें आहे, कारण या जातींतील पुष्कळ यंत्रांचा आकार मानवाचा नसतो. कोणी चपट्या डब्यासारखा असून घरांतील केर काढतो, कोणी मोटारीच्या रूपानें रस्त्यावर धांवतो, तर कोणी सहा चाकांवर मंगळाच्या खडकांतून हिंडतो.

यांचे पूर्वज फारच साधे होते. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञानें १९४८-४९ च्या सुमारास तीन चाकांचीं दोन यंत्र-कासवें तयार केलीं. तीं उजेडाच्या रोखानें जात. कांहीं आडवें आलें तर धडकून मागें सरत आणि पुन्हां वाट काढीत. पाहणारांस मोठी गंमत वाटे. परंतु त्यांच्याजवळ नकाशा नव्हता. आपण कोठून आलों व कोठें आहों हें त्यांस ठाऊक नव्हतें. २००२ सालीं बाजारांत आलेलें ‘रूंबा’ हें केर काढणारें यंत्रहि प्रारंभीं याच तऱ्हेचें होतें. भिंतीस धडकावें आणि दिशा बदलावी, हा त्याचा क्रम. कॅमेऱ्याच्या साह्यानें घराचा नकाशा मनाशीं मांडण्याची विद्या त्याच्या २०१५ च्या एका नव्या नमुन्यास मिळाली.

ज्यास खऱ्या अर्थानें वाट शोधतां येते, अशा यंत्राला तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात : मी कोठें आहें? माझ्या सभोंवार काय आहे? आणि इच्छित स्थळीं मी कसें जाऊं? पहिल्यास स्थाननिश्चिति, दुसऱ्यास नकाशा काढणें व तिसऱ्यास मार्गयोजना म्हणतात. तिन्ही प्रश्न क्रमानें पाहूं.

आपण कोठें आहों हें ठरविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पावलें मोजणें. यंत्राच्या चाकाचा घेर एक मीटर असेल व तें दहा वेळां फिरलें असेल, तर यंत्र दहा मीटर पुढें गेलें. पूर्वींचे खलाशीहि भर समुद्रांत गलबताचा वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून असाच हिशेब करीत. या रीतींत एक मोठें वैगुण्य आहे. प्रत्येक लहान चूक पुढच्या चुकींत मिळत जाते, आणि एकहि चूक आपोआप दुरुस्त होत नाहीं. निघतांना यंत्राचें तोंड केवळ एक अंशानें चुकलें, तर शंभर मीटर गेल्यावर तें आपल्या समजुतीच्या जागेपासून सुमारें पावणेदोन मीटर बाजूस असतें. दाराऐवजीं भिंतीवर आदळण्यास एवढें पुरे. शिवाय चाक फिरलें म्हणजे यंत्र पुढें सरकलेंच असेंहि नाहीं. जानेवारी २००४ मध्यें मंगळावर उतरलेलें अमेरिकेचें ‘स्पिरिट’ हें यंत्र २००९ सालीं तेथील भुसभुशीत मातींत रुतलें. चाकें फिरत, परंतु यंत्र जवळजवळ जागच्या जागींच राही. केवळ चाकांचे फेरे मोजणाऱ्या हिशेबनिसानें तें पुष्कळ पुढें गेलें असेंच वहींत लिहिलें असतें. याकरितां त्या यंत्रास डोळ्यांनीं पडताळा घेण्याची युक्ति शिकविलेली होती. पाठोपाठ घेतलेल्या दोन चित्रांत तोच दगड किती सरकलेला दिसतो हें पाहून आपण खरोखर किती चाललों, हें तें ठरवी.

असा पडताळा घ्यावयाचा तर ज्ञानेंद्रियें हवींत. कॅमेरा हा यंत्राचा डोळा होय. ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि ऐकण्याची वटवाघळाची रीत कित्येक यंत्रांत योजिलेली असते. लेझर किरणांची रीत त्याहून सूक्ष्म आहे. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागांत प्रकाश सुमारें ३० सेंटिमीटर जातो. तेव्हां किरण भिंतीवर आपटून परत येण्यास तेवढाच वेळ लागला, तर भिंत सुमारें १५ सेंटिमीटरांवर आहे हें उघड झालें. परंतु इंद्रियेंहि फसतात. १९९७ सालीं जर्मनींतील बॉन शहरीं एका संग्रहालयांत ‘राइनो’ नांवाचा यंत्रमानव प्रेक्षकांस वस्तु दाखवीत हिंडत असे. तेथील कांचेचीं कपाटें त्याच्या इंद्रियांस नीट कळत नसत. नकाशांत त्यांची जागा पाहूनच त्यास तीं टाळावीं लागत.

तर मग विश्वास कशावर ठेवावा? चाकांच्या मोजणीवर, डोळ्यांवर, कीं नकाशावर? उत्तर असें कीं, कोणा एकावर पुरा ठेवूं नये आणि कोणास सर्वस्वीं टाकूंहि नये. सर्वांची साक्ष घ्यावी, आणि ज्याची जेवढी योग्यता तेवढें वजन त्याच्या साक्षीस द्यावें. हें वजन ठरविण्याचा नियम टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं छापला गेला. नियम दिसतो तितका अवघड नाहीं. समजा, शाळेच्या ओसरीवर चार वर्गांचीं सारखीं दारें आहेत, व त्यांपैकीं फक्त तिसऱ्या दाराशीं पाण्याचा माठ आहे. आपलें यंत्र यांतील एका दाराशीं उभें आहे. परंतु कोणत्या, हें त्यास ठाऊक नाहीं. म्हणून प्रथम तें चारही दारांस सारखाच वांटा देतें. आतां तें डोळे उघडून पाहतें, तों जवळ माठ आहेसें दिसतें. त्याची दृष्टि दहांपैकीं नऊ वेळां खरी ठरते व एक वेळ फसते. तेव्हां तिसऱ्या दाराच्या पारड्यांत नऊ आणि उरलेल्या प्रत्येक दाराच्या पारड्यांत एक, असें वजन पडलें. एकूण बारांपैकीं नऊ, म्हणजे शेंकडा ७५. निराळ्या बाजूनें पाहून पुन्हां माठच दिसला, तर तिसऱ्या दाराकडे एक्याऐंशीं व बाकीच्या तिहींकडे मिळून तीन. म्हणजे शेंकडा सुमारें ९६. आणखी पाहिल्यास आणखी वाढेल. मात्र पूर्ण शंभर कधींच होणार नाहीं. यंत्र तिसरें दार समजून पुढचें पाऊल टाकतें. पण आपण चुकत असण्याची जी शक्यता उरली, ती पुसून टाकीत नाहीं.

हीच कल्पना १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतींत फार सुंदर रीतीनें उतरली आहे. त्या पद्धतींत यंत्र आपल्या नकाशावर शेंकडों कण विखुरतें. प्रत्येक कण म्हणजे ‘मी कदाचित् येथें असेन’ असा एक तर्क. यंत्र चाललें कीं सर्व कण त्याबरोबर सरकतात. कांहीं दिसलें कीं त्या दृश्याशीं न जुळणारे कण वगळले जातात व जुळणाऱ्यांची संख्या वाढते. थोड्या वेळांत बहुतेक कण एका ठिकाणीं गोळा होतात, आणि यंत्राचें स्थान तें समजावें. पुढें या यंत्रांची एक कठीण परीक्षा घेतात. यंत्रास न कळत उचलून दुसऱ्याच खोलींत नेऊन ठेवावयाचें, आणि तें आपली चूक ओळखतें काय हें पाहावयाचें. ज्यानें आपले सर्वच्या सर्व कण एका जागीं गोळा केलेले असतात, तें या परीक्षेंत नापास होतें. समोर भलतेंच दृश्य असतांहि दुसरा तर्कच शिल्लक नसल्यामुळें त्यास सांवरतां येत नाहीं. म्हणून शहाणा रचनाकार कांहीं थोडे कण मुद्दाम इतरत्र विखुरलेले ठेवतो. त्या थोड्याशा शंकेच्या बळावरच तें यंत्र पुन्हां ठिकाणावर येतें.

आतां दुसरा प्रश्न. आतांपर्यंत आपण नकाशा आधींच तयार आहे असें धरून चाललों. परंतु अपरिचित स्थळीं नकाशाहि यंत्रानेंच काढावयाचा असतो. येथें मोठा पेंच पडतो. नकाशा काढण्यास आपण कोठें उभे आहों हें ठाऊक पाहिजे. आणि कोठें उभे आहों हें कळण्यास नकाशा पाहिजे. दोन्ही गोष्टी एकदमच साधाव्या लागतात. १९८६ पासून या प्रश्नाचा संभाव्यतेच्या गणितानें पद्धतशीर विचार होऊं लागला. त्याच्या किंचित् आधीं, १९८५ सालीं, हान्स मोराव्हेक व आल्बेर्तो एल्फेस यांनीं एक सोपी युक्ति पुढें मांडली होती. नकाशाचे लहान लहान चौकोन पाडावयाचे. परंतु चौकोनांत ‘रिकामा’ किंवा ‘भरलेला’ असा निकाल न लिहितां तो भरलेला असण्याची शक्यता किती, तो आंकडा लिहावयाचा. प्रत्येक नव्या पाहणीनंतर तो आंकडा बदलावयाचा. म्हणजे नकाशा काढतांनाहि यंत्र ‘ठाऊक नाहीं’ असें लिहिण्यास लाजत नाहीं.

या कामांतील सर्वांत महत्त्वाचा क्षण म्हणजे फिरून पहिल्या ठिकाणीं येण्याचा. आपल्याकडील जमीन मोजणाऱ्यांस हें तत्त्व जुनें आहे. शेताच्या कडेनें साखळीनें मोजीत गेलें व पहिल्या दगडाशीं परत आलें, म्हणजे कागदावरील रेघहि पहिल्या बिंदूशीं मिळाली पाहिजे. न मिळाली तर जेवढी फट राहिली तेवढी चूक झाली. विल्यम लँब्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ ज्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तिच्यांतहि असल्या पडताळ्यांवरच सारी भिस्त होती. ही चूक शेवटच्या एकाच रेघेवर लादावयाची नाहीं. जेथें शंका अधिक तेथें अधिक व जेथें कमी तेथें कमी, अशी ती सर्व मापांत वांटावयाची. त्याचें गणित लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानें १८०५ सालीं प्रसिद्ध केलें, आणि आजचीं यंत्रें नकाशा जुळवितांना तेंच तत्त्व वापरतात. यांत एक धोकाहि आहे. दोन ओसऱ्या हुबेहूब सारख्या असल्या, आणि यंत्रानें दुसरीस पहिली समजून रेघ मिळविली, तर साराच नकाशा वांकडातिकडा होतो. म्हणून ‘ही जागा मीं पूर्वीं पाहिली आहे’ असें म्हणण्यापूर्वीं यंत्रानें दोनदां विचार केलेला बरा.

तिसरा प्रश्न वाट ठरविण्याचा. डच गणितज्ञ डाइक्स्ट्रा यानें १९५६ सालीं ॲम्स्टरडॅम येथील एका कॉफीगृहांत बसल्या बसल्या, कागदपेन्सिलीवांचून, सुमारें वीस मिनिटांत याचें एक उत्तर शोधून काढलें. तें १९५९ सालीं छापलें गेलें. उगमापाशीं सोडलेलें पाणी जसें जवळच्या जागा आधीं व दूरच्या मागून भिजवीत जातें, तशी ही रीत सर्व वाटा अंतराच्या क्रमानें तपासते. ज्या वाटेनें पाणी प्रथम इच्छित स्थळीं पोंचलें ती सर्वांत जवळची. परंतु पाणी सर्व बाजूंस पसरत असल्यामुळें श्रम फार होतात. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत १९६६ ते १९७२ या काळांत ‘शेकी’ नांवाच्या यंत्रमानवावर काम चाललें होतें. तेथील हार्ट, निल्सन व राफेल या तिघांनीं १९६८ सालीं या रीतींत मोठी सुधारणा केली. प्रत्येक ठिकाणीं दोन आंकडे मिळवावयाचे; एक येथवर चालून झालेलें अंतर, व दुसरा येथून पुढें राहिलेल्या अंतराचा अंदाज. ज्या ठिकाणची बेरीज सर्वांत लहान तें आधीं तपासावयाचें. अंदाजासाठीं सरळ रेषेंतील अंतर घेतात. प्रत्यक्ष वाट सरळ रेषेहून लहान असूंच शकत नाहीं; म्हणून अंदाज खऱ्याहून कधीं जास्त होत नाहीं. एवढी मर्यादा पाळली तर सांपडलेली वाट सर्वांत जवळचीच असते, हें गणितानें सिद्ध करितां येतें. अंदाज करण्यास हरकत नाहीं. त्याची मर्यादा मात्र ठाऊक पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, वाट माणसानेंच दुरून कां दाखवूं नये? कधीं कधीं तसेंहि करितात. आपल्या देशाचें ‘प्रज्ञान’ हें यंत्र ऑगस्ट २०२३ मध्यें चंद्रावर फिरत असतां, २७ तारखेस त्याच्यापुढें तीन मीटरांवर चार मीटर रुंदीचा खळगा आला. तेव्हां आल्या वाटेनें मागें फिरण्याचा हुकूम त्यास पृथ्वीवरून देण्यांत आला. चंद्र जवळ आहे. तेथें संदेश पोंचण्यास सव्वा सेकंदाहून किंचित् अधिक वेळ लागतो. परंतु मंगळावर संदेश जाण्यासच ३ पासून २२ मिनिटांपर्यंत वेळ लागतो. ‘पुढें खड्डा आहे’ हें पृथ्वीवर कळून ‘थांब’ हा हुकूम परत जाईतों यंत्र केव्हांच खड्ड्यांत गेलेलें असावयाचें. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्यें मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या यंत्रास चालतां चालतां स्वतःची वाट स्वतः ठरविण्याची विद्या देण्यांत आली आहे.

वाट ठरवितांना लांबीच तेवढी पाहावयाची असें नाहीं. अमेरिकेंत १९९८ सालीं एका संग्रहालयांत फिरणाऱ्या ‘मिनर्व्हा’ या यंत्रमानवाबाबत एक मोठी मार्मिक गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानीं आली. विस्तीर्ण दालनाच्या मधोमध गेल्यास वाट जवळची पडते, पण तेथें भिंती दूर राहिल्यामुळें यंत्रास आपल्या स्थानाची खात्री राहत नाहीं. भिंतीच्या कडेनें गेल्यास वाट लांबते, पण शंका आटोक्यांत राहते. पूर्वींचीं गलबतें किनारा दृष्टीआड होऊं न देतां जात, त्यांतलाच हा प्रकार. यंत्रानें थोडी लांबची परंतु खात्रीची वाट पत्करावी, असें गणित १९९९ सालीं मांडण्यांत आलें.

या विद्येची प्रगति किती मंद गतीनें झाली, याची दोन उदाहरणें देतों. मोराव्हेकच्या एका गाडीनें १९७९ सालीं खुर्च्या मांडलेली एक खोली माणसाच्या मदतीवांचून ओलांडली. त्यास सुमारें पांच तास लागले. पुढें १३ मार्च २००४ रोजीं अमेरिकेंतील मोहावे वाळवंटांत चालकावांचून धांवणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. वाट सुमारें २४० किलोमीटरांची होती. सर्वांत पुढें गेलेली गाडी १२ किलोमीटरांच्या आंतच अडकली. दुसऱ्याच वर्षीं, ऑक्टोबर २००५ मध्यें, सुमारें २१२ किलोमीटरांची वाट पांच गाड्यांनीं पुरी केली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅन्ली’ ही गाडी ६ तास ५४ मिनिटांत पहिली आली. तिच्या यशाचें एक कारण आपल्या विषयास फार जवळचें आहे. गाडीस धक्का बसला कीं लेझर किरण तिरपा होई आणि सपाट जमिनीवर भिंत उभी असल्याचा भास होई. दोन मापांमध्यें जितका अधिक वेळ गेला तितका आपल्या तिरपेपणाचा हिशेब अधिक चुकलेला असूं शकेल, हें त्या गाडीस शिकविलें होतें. म्हणजे समोरील वस्तूइतकीच स्वतःविषयींहि शंका बाळगण्यास ती शिकली, आणि म्हणून तिला वाळवंट ओलांडतां आलें.

याच्या उलट उदाहरण मोठें दुःखाचें आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्रीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत टेंपी या गांवीं उबर कंपनीच्या, स्वतः चालणाऱ्या मोटारीची रस्त्यावर चांचणी चालू होती. एक स्त्री सायकल हातीं धरून, ओलांडण्यासाठीं आंखलेल्या जागेखेरीज अन्य ठिकाणीं रस्ता ओलांडीत होती. मोटारीची धडक बसून ती मरण पावली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशी करून २०१९ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. यंत्रास ती स्त्री दिसली नव्हती काय? दिसली होती, धडकेच्या ५.६ सेकंद आधीं दिसली होती. परंतु यंत्र तिला कधीं मोटार, कधीं अन्य कांहीं वस्तु, तर कधीं सायकल म्हणत राहिलें. आणि प्रत्येक वेळीं नांव बदललें कीं ती तोंवर कशी सरकत आली याची पूर्वींची नोंद पुढच्या अंदाजांत धरली जात नसे. शिवाय आंखलेल्या जागेखेरीज माणूस पायीं रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्याच्या रचनेंत घेतलेली नव्हती. गाडींत देखरेखीस बसविलेली व्यक्ति त्या वेळीं आपल्या मोबाइलकडे पाहत होती. तिचें दुर्लक्ष हें मंडळानें अपघाताचें कारण ठरविलें, आणि कंपनीच्या सुरक्षिततेविषयींच्या ढिलाईसहि दोष दिला.

या प्रसंगाचा विचार प्रत्येक सुज्ञ मनुष्यानें करावा. तेथें डोळ्यांची उणीव नव्हती, वेगाची नव्हती, गणिताचीहि नव्हती. जें पाहिलें तें टाकून दिलें गेलें, आणि जें घडूं शकतें त्यास मनांत जागाच ठेवली नव्हती. आपल्याकडील रस्त्यांवर माणसें आंखलेल्या जागींच रस्ता ओलांडतात असें कोण म्हणेल? गाई बसतात, मुलें चेंडूमागें धांवतात, लग्नाची वरात अर्धा रस्ता अडविते. असल्या रस्त्यांवर उद्यां अशीं यंत्रें आणावयाचीं झालीं, तर ‘तें किती जलद धांवतें?’ हा प्रश्न नागरिकांनीं मागून विचारावा. आधीं विचारावें कीं, ‘याला कळलें नाहीं म्हणजे हें काय करितें?’ जें यंत्र न कळल्यास वेग कमी करितें, थांबतें व पुन्हां पाहतें, तेंच विश्वासास पात्र होय.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाहीं. पदोपदीं शंका घेणारें यंत्र जागचें हलणारच नाहीं, असें कोणी म्हणतील. गर्दींत सांपडलेला यंत्रमानव प्रत्येक माणूस कोठेंहि वळेल असें धरून चालला, तर त्यास कोणतीच वाट सुरक्षित दिसत नाहीं व तो थिजून उभा राहतो, हा अनुभव शास्त्रज्ञांनाहि आलेला आहे. शिवाय माणसें मोटारी हांकतांना कमी अपघात करितात असें थोडेंच आहे? हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु शंका आणि भित्रेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भित्र्यास आपली शंका किती हें ठाऊक नसतें. म्हणून तो सर्वच गोष्टींस भितो. ज्यानें शंका मोजली आहे, तो जेथें ती थोडी तेथें धिटाईनें जातो व जेथें मोठी तेथें जपून जातो. ‘स्टॅन्ली’ शंकेखोर असूनहि, किंबहुना तशी असल्यामुळेंच, शर्यतींत पहिली आली हें विसरूं नये.

विद्यार्थिमित्रहो, आतां या गोष्टीचा तुमच्याशीं असलेला संबंध सांगतों. प्रयोगशाळेंत लंबकाचा प्रयोग चालला असतां एखाद्या मुलाचें उत्तर ९.८ ऐवजीं ९.३ येतें. पुस्तकांत ९.८ आहे हें त्यास ठाऊक असतें. तो शेजाऱ्याच्या वहींत डोकावतो, रबर घेतो, आणि आपले आंकडे पुसून उत्तर जमेल असे दुसरे लिहितो. वही स्वच्छ दिसते, गुणहि मिळतात. परंतु त्यानें काय केलें? जें डोळ्यांनीं पाहिलें तें टाकून दिलें, आणि नकाशास भिंतीहून खरें मानलें. एखाद्या यंत्रानें असें केलें असतें तर तें पहिल्याच भिंतीवर आपटलें असतें. ९.३ हें उत्तर लाजिरवाणें नाहीं. दोरीची लांबी मोजतांना किती चूक झाली असेल, घड्याळाची कळ दाबण्यास किती उशीर झाला असेल, याचा हिशेब वहींत लिहा आणि पुन्हां मोजा. असा हिशेब ज्यास लिहितां येतो, त्यास विज्ञानाची पहिली पायरी चढतां आली असें समजावें.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलानें ‘मला नक्की ठाऊक नाहीं’ असें म्हटलें, म्हणजे आपण त्यास ढ समजतों. आणि जो ठांसून उत्तर देतो त्यास हुषार म्हणतों. ही संवय मोडली पाहिजे. ‘नक्की ठाऊक नाहीं’ या उत्तरानें बोलणें संपवूं देऊं नका. ‘मग किती खात्री आहे, आणि ती वाढविण्यास काय पाहावें लागेल?’ असें विचारा. सुटींत मुलांस आपल्या पेठेचा किंवा वाडीचा नकाशा पावलें मोजून काढावयास लावा. तो कागद घेऊन फेरी मारून घरच्या उंबऱ्याशीं परत या, आणि रेघ कितीनें चुकली तें त्यांच्यासह मोजा. मोबाइलमधील आवाज ‘उजवीकडे वळा’ म्हणतो तेव्हां, कां वळावयाचें, हें एकदां तरी त्यांस शोधूं द्या. यास पैसा लागत नाहीं. एक संध्याकाळ लागते.

यंत्रें आपली वाट शोधावयास शिकत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. दूरच्या ग्रहावर, आग लागलेल्या इमारतींत, कोसळलेल्या खाणींत, जेथें माणसानें जाऊं नये तेथें तीं जावोत. परंतु आपली शंका किती आहे हें मोजून, ती उघड सांगून, आणि नव्या पुराव्यापुढें आपला तर्क बदलून तीं जावोत. आमच्या शाळेंतून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थीहि तसाच जावो, एवढीच इच्छा आहे.